हेडर हरवलेली लायब्ररी: सांगली जिल्ह्यातल्या एका वजनकाट्याचं प्रकरण

पार्श्वभूमी

सांगली जिल्ह्यातल्या एका सहकारी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावरचा प्रोग्राम बदलायचं काम आमच्या विश्रामबागेतल्या छोट्या ऑफिसकडे आलं, तेव्हा गळीत हंगाम तोंडावर आला होता. कारखाना आणि इंडिकेटर (काट्यावरचं वजन दाखवणारं यंत्र) पुरवणारी कंपनी यांची नावं इथे गाळली आहेत, लायब्ररीतल्या (तयार फंक्शनांच्या, म्हणजे एकेक काम करणाऱ्या तुकड्यांच्या संचातल्या) फंक्शनांची नावं बदलली आहेत.

साखर कारखान्याचा काटा म्हणजे नाजूक प्रकरण. भरलेली गाडी काट्यावर येते, वजन होतं, ऊस गव्हाणीत पडतो, रिकामी गाडी परत काट्यावर येते. दोन वजनांतला फरक हा शेतकऱ्याचा ऊस. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस दिल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे असतात आणि ते याच आकड्यावर. त्यात काटामारीची चर्चा दर हंगामात गावोगावी होतेच. त्यामुळे काट्यावरचा प्रोग्राम अधूनमधून बंद पडला तर लोक शिव्या देतात, पण चुकीचा आकडा दाखवला तर मोर्चा येतो.

या काट्याच्या प्रोग्रामचे दोन भाग होते. मुख्य प्रोग्राम सी-प्लस-प्लसमध्ये, सांगलीतल्याच एका प्रोग्रामरने लिहिलेला. दुसरा भाग म्हणजे इंडिकेटरशी बोलणारी कंपनीची लायब्ररी, फक्त बायनरी, म्हणजे मशीन कोडच्या स्वरूपात. २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरात त्या प्रोग्रामरचं तळमजल्यावरचं ऑफिस पाण्याखाली गेलं. मुख्य प्रोग्रामचा सोर्स (मूळ लिहिलेला कोड) गेला, आणि लायब्ररीबरोबर आलेली हेडर फाइल, म्हणजे तिच्यातल्या फंक्शनांची ओळख सांगणारी फाइलही गेली. कारखान्याच्या सर्व्हरवरचा तयार प्रोग्राम मात्र चालत राहिला, म्हणून पाच वर्षं कुणी त्याला हात लावला नाही.

सर्व्हर होता सेंटओएस ७ या लिनक्स सिस्टिमवर. त्याचा सपोर्ट ३० जून २०२४ ला संपला. नवा सर्व्हर घ्यायचाच होता, आणि संचालक मंडळाला पावती निघताच शेतकऱ्याच्या मोबाइलवर वजनाचा मेसेज जायला हवा होता. म्हणजे मुख्य प्रोग्राम नव्याने लिहिणं आलं.

अडचण

लायब्ररी हातात आहे, पण तिच्यात कोणती फंक्शन्स आहेत, ती काय घेतात आणि काय परत देतात हे सांगणारा कागद नाही. कारखान्याचे संगणक विभागप्रमुख म्हणाले, "अहो, फंक्शनांची नावं तर त्या फाइलीतच असतील की. ती काढा आणि लिहा हेडर." बोलणं अर्धं खरं होतं, आणि उरलेल्या अर्ध्यातच सगळं काम होतं.

सी-प्लस-प्लसमध्ये एकाच नावाची अनेक फंक्शन्स असू शकतात, म्हणून कंपायलर (लिहिलेल्या कोडचा मशीन कोड करणारा प्रोग्राम) प्रत्येक फंक्शनच्या नावात त्याची नेमस्पेस (नावांचा गट), क्लास (डेटा आणि त्यावरची फंक्शन्स यांचा साचा) आणि आर्ग्युमेंटचे, म्हणजे त्याला दिलेल्या मूल्यांचे, प्रकार गुंफून एक लांबलचक नाव तयार करतो. प्रोग्रामचे तुकडे जोडणारा लिंकर फक्त हे नाव ओळखतो. लिनक्सवर जीसीसी आणि क्लँग हे दोन्ही कंपायलर यासाठी इटॅनियम एबीआय या ठरलेल्या पद्धतीचे नियम पाळतात. वजन वाचणाऱ्या फंक्शनचं नाव, रोमन अक्षरं देवनागरीत लिहायची तर, असं होतं:

अंडरस्कोर-झेड-एन-के-४-काटा-४-पोर्ट-६-वेट-ई-व्ही

झेडवाली सुरुवात म्हणजे हे मँगल केलेलं, म्हणजे असं गुंफलेलं नाव आहे. एन पासून ई पर्यंत एकात एक असलेली नावं, आणि प्रत्येक नावाआधी त्यातल्या रोमन अक्षरांची संख्या. शेवटचा व्ही म्हणजे आर्ग्युमेंट नाही. एन नंतर लगेच आलेला के सर्वांत कामाचा: हे कॉन्स्ट मेंबर फंक्शन (क्लासमधलं, ऑब्जेक्ट न बदलणारं फंक्शन) आहे, म्हणजे पोर्ट हा क्लासच, नुसती नेमस्पेस नव्हे. एनएम या टूलने नावांची यादी काढायची आणि सी-प्लस-प्लस-फिल्टमधून गाळून डीमँगल करायची, म्हणजे उलगडायची, की समोर येतं: काटा, त्यातला पोर्ट, त्यातलं वेट, कंसात काही नाही, पुढे कॉन्स्ट.

वाचायला छान. पण हेडरमध्ये लिहायला लागणाऱ्या निम्म्या गोष्टी यात नाहीत. साध्या फंक्शनच्या नावात परतीचा प्रकार, म्हणजे ते कोणत्या प्रकारचं मूल्य परत देतं ते, नसतो (अनेक प्रकारांसाठी एकदाच लिहिलेल्या टेम्प्लेट फंक्शनच्या नावात असतो). आर्ग्युमेंटची नावं नसतात. मेंबर फंक्शन स्टॅटिक (ऑब्जेक्टशिवाय चालणारं) आहे की नाही, पब्लिक आहे की प्रायव्हेट, हेही नसतं. क्लास किती बाइटचा, ते तर नसतंच. वजन किलोत की क्विंटलमध्ये, हे अर्थातच कुठल्याच नावात नसतं.

समोर असलेले पर्याय

*कंपनीकडून हेडर मागवणं.* हे सर्वांत सरळ. इंडिकेटरचं ते मॉडेल बंद झालेलं, कंपनीचा तो विभाग दुसऱ्याकडे गेलेला. मेल पाठवले, फोन केले, उत्तर आलं नाही. हा पर्याय कागदावर उघडा ठेवला.

*जुना सर्व्हर जसाच्या तसा व्हर्च्युअल मशीनमध्ये (संगणकातल्या संगणकात).* मला खरं तर हा आवडला होता. काम थोडं, धोका माहितीतला. पण मोबाइल मेसेजचा प्रश्न सुटत नव्हता, आणि सपोर्ट संपलेली सिस्टिम पुन्हा एका पेटीत भरून ठेवायची हे विभागप्रमुखांना पटत नव्हतं. शेवटचा आधार म्हणून मात्र त्याची प्रत तयार करून ठेवली.

*लायब्ररी सोडून इंडिकेटरचा सिरियल पोर्ट थेट वाचणं.* काही इंडिकेटर वजन साध्या अक्षरांत सतत पाठवत राहतात, तिथे हे एका दुपारचं काम. हा इंडिकेटर मात्र स्वतःच्या बायनरी रचनेत बोलत होता, शेवटी चेकसमसारखं (चूक पकडायच्या बेरजेसारखं) काहीतरी. ती रचना अंदाजाने उलगडायची आणि त्या अंदाजावर उसाचं वजन करायचं, तेही हंगाम सुरू होताना, याला माझा स्पष्ट विरोध होता.

*लायब्ररीतल्या नावांवरून आणि जुन्या प्रोग्रामच्या मशीन कोडवरून हेडर पुन्हा लिहिणं.* हाच निवडला, पण दोन अटी घालून. पोर्ट क्लासमध्ये व्हर्च्युअल फंक्शन्स (नेमकं कोणतं चालवायचं हे प्रोग्राम चालतानाच ठरणारी) निघाली, किंवा क्लासचा आकार खात्रीने ठरवता आला नाही, तर तिथेच थांबायचं आणि व्हर्च्युअल मशीनकडे वळायचं. या अटी आधीच लिहून ठेवल्या हे बरं झालं. काम अर्ध्यावर आल्यावर थांबायला कुणाचंच मन तयार नसतं.

कारखान्याच्या वकिलांनाही विचारलं. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२(१)(एबी) मध्ये, स्वतंत्रपणे लिहिलेला प्रोग्राम दुसऱ्या प्रोग्रामशी जुळवण्यापुरती आवश्यक माहिती काढायला, ती इतर मार्गाने सहज मिळत नसेल तर, प्रोग्रामच्या कायदेशीर धारकाला सूट आहे. त्यांनी कंपनीला पाठवलेल्या मेलच्या प्रती फाइलला लावायला सांगितल्या.

पहिला निर्णय: कच्ची नावं टाकायची नाहीत

लायब्ररीत डीबगची (चुका शोधायला कंपायलरने ठेवलेली) माहिती शिल्लक आहे का, हे आधी पाहिलं. ती असती तर परतीचे प्रकार आणि क्लासची रचना तयारच मिळाली असती आणि हे लिहायची वेळ आली नसती. नव्हती.

मग नावं. सत्तरेक निघाली, पण त्यातली बरीचशी स्टँडर्ड लायब्ररीच्या टेम्प्लेटची पिल्लं. कंपनीची स्वतःची दहा-बारा. आमच्याकडे नुकत्याच लागलेल्या मुलीने डीमँगल केलेली यादी स्वच्छ टाइप करून आणली आणि म्हणाली, "सर, कन्स्ट्रक्टर दोनदा आलाय, एक काढून टाकते."

कन्स्ट्रक्टर म्हणजे क्लासचं ऑब्जेक्ट बांधणारं फंक्शन, आणि तो दोनदा आलेला नव्हता. कच्च्या नावात एकात सी१ होतं, दुसऱ्यात सी२. एक पूर्ण ऑब्जेक्ट बांधणारा, दुसरा वारसा घेतलेल्या क्लासच्या आतला भाग बांधणारा. डीमँगल केल्यावर दोन्हींचा मजकूर अक्षरशः एकच होतो. तिथेच ठरलं: यादीत प्रत्येक ओळीला दोन रकाने, डावीकडे कच्चं नाव, उजवीकडे वाचता येणारं. माणसांनी उजवं वाचायचं, जुळणी मात्र डाव्याची करायची.

हा नियम लगेच उपयोगी पडला. पोर्टच्या कन्स्ट्रक्टरला स्ट्रिंग, म्हणजे अक्षरांची ओळ, लागते. हेडरमध्ये स्ट्रिंग लिहिलं, नव्या सर्व्हरवर कंपाइल केलं, आणि लिंकरने कन्स्ट्रक्टर सापडत नाही म्हणून हात वर केले. लायब्ररीत तर तो डोळ्यांसमोर दिसत होता. कच्ची नावं शेजारी ठेवली. लायब्ररीत आर्ग्युमेंट होतं आर-के-एस-एस: रेफरन्स, कॉन्स्ट, आणि मोठा एस छोटा एस, म्हणजे जुनी स्टँडर्ड स्ट्रिंग. आमच्या फाइलीत त्या दोन अक्षरांच्या जागी लांबलचक शेपूट होतं, सीएक्सएक्स११ नावाच्या आतल्या नेमस्पेसमधल्या बेसिक-स्ट्रिंगचं. (त्या शेपटात नावाच्या शेवटचे ११ आणि पुढच्या नावाची लांबी सांगणारे १२ एकमेकांना चिकटून १११२ दिसतात. डोळ्यांनी वाचणारा तिथे हमखास अडखळतो.)

कारण जुनंच आहे. सी-प्लस-प्लस ११ च्या नियमांत जुनी, प्रती वाटून घेणारी स्ट्रिंग बसत नव्हती, म्हणून २०१५ साली आलेल्या जीसीसी ५ पासून नवी स्ट्रिंग वेगळ्या नावाने आली. ६४-बिट मशीनवर जुनी ८ बाइटची, नवी ३२ बाइटची. नावं वेगळी ठेवली म्हणूनच लिंकरने अडवलं. ती एकच असती तर प्रोग्राम जुळला असता आणि काट्यावर कोसळला असता. सेंटओएस ७ वरचा जीसीसी ४.८ चा होता, त्यामुळे लायब्ररी जुन्या स्ट्रिंगची. चांगली गोष्ट एवढी की नव्या सर्व्हरवरच्या स्टँडर्ड लायब्ररीत दोन्ही स्ट्रिंगा अजून नांदतात. आपली फाइल जुन्या स्ट्रिंगने कंपाइल करायला एक मॅक्रो (कंपायलरला द्यायची खूण) शून्य करावा लागतो, बस.

पण पूर्ण प्रोग्राम जुन्या स्ट्रिंगवर नेला असता तर डेटाबेसच्या नव्या लायब्ररीशी हेच भांडण उलट्या बाजूने झालं असतं. म्हणून मधे एक पातळ फाइल घातली. ती एकटी जुन्या स्ट्रिंगने कंपाइल होते, लायब्ररीशी बोलते, आणि बाहेर फक्त साधी सी फंक्शन्स देते. त्यांची नावं मँगल होत नाहीत आणि त्यांतून एकही स्ट्रिंग ऑब्जेक्ट जात नाही, फक्त आकडे आणि कॅरेक्टर पॉइंटर (अक्षरांचे पत्ते). यादीत काटाच्या आतल्या एरर क्लासची टाइपइन्फो (प्रकाराची ओळख सांगणारी नोंद) दिसली होती, म्हणजे लायब्ररी स्वतःचे एक्सेप्शन (चूक झाल्याचे इशारे) फेकत असावी. तेही याच फाइलीत पकडून त्यांचे साधे कोड केले.

दुसरा निर्णय: परतीचा प्रकार अंदाजाने लिहायचा नाही

माझ्या मते या प्रकरणाचा गाभा इथे आहे. वेट फंक्शन काय परत देतं? "सगळीकडे इंट धरू, चुकलं तर लिंकर बोलेल," असं एकाने सुचवलं. लिंकर बोलणार नाही. परतीचा प्रकार नावातच नाही, तर लिंकर जुळवणार काय? दाखवण्यापुरतं करूनही पाहिलं: इंट (पूर्णांक) लिहिलं, डबल (दशांशाचा आकडा) लिहिलं, व्हॉइड (काहीच नाही) लिहिलं, तिन्ही वेळा निमूटपणे लिंक झालं.

६४-बिट लिनक्सवर पूर्णांक प्रोसेसरमधल्या आरएएक्स रजिस्टरमधून (आकडा ठेवायच्या छोट्या जागेतून) परत येतो आणि डबल एक्सएमएम० मधून. डबल देणाऱ्या फंक्शनला इंट म्हटलं, तर आरएएक्समध्ये आधीचा जो कचरा असेल तोच वजन म्हणून स्क्रीनवर येतो. कधी कधी तो कचरा वजनासारखा दिसतो, ही खरी भीती.

म्हणून दोन्ही टोकांनी पुरावा घ्यायचा असं ठरलं. एक, लायब्ररीतल्या फंक्शनचा मशीन कोड परत जाण्याआधी कोणतं रजिस्टर भरतो. दोन, जुना मुख्य प्रोग्राम, जो अजून जिवंत होता, कॉल झाल्यावर कोणतं रजिस्टर वाचतो. दोन्ही जुळले तरच हेडरमध्ये ओळ लिहायची. वेटमध्ये शेवटी पूर्णांकाचा डबल करून एक्सएमएम० भरलेलं होतं, जुना प्रोग्रामही तेच वाचत होता. डबल पक्का.

सिरियल नावाचं फंक्शन जास्त मजेदार निघालं. नावाप्रमाणे एकही आर्ग्युमेंट नाही, तरी मशीन कोड दोन रजिस्टरांमधले पत्ते वापरत होता आणि पहिला पत्ता आरएएक्समधून परत देत होता. म्हणजे परतीचा माल ठेवायला कॉल करणाराच छुपी जागा देतो. फंक्शन इंडिकेटरचा क्रमांक जुन्या स्ट्रिंगमध्ये भरून देत होतं.

रीड या फंक्शनला एक इंट लागत होता. ते स्टॅटिक आहे की नाही, हे जुन्या प्रोग्रामने सांगितलं: पहिल्या रजिस्टरमध्ये ऑब्जेक्टचा पत्ता, दुसऱ्यात २०००. स्टॅटिक असतं तर इंट पहिल्यात आला असता. २००० म्हणजे बहुधा मिलिसेकंद. इंडिकेटरची केबल काढून पाहिली, दोन सेकंदांनी एरर आला.

पोर्टचा आकार सापडेल का, यावर सगळं अडलं होतं. जुन्या प्रोग्राममध्ये कन्स्ट्रक्टरच्या कॉलआधी झेड-एन-डब्ल्यू-एम या नावाचा कॉल होता. हे नव्या ऑब्जेक्टसाठी मेमरी मागणाऱ्या ऑपरेटर न्यूचं मँगल केलेलं नाव, एम म्हणजे अनसाइन्ड लाँग. त्याला दिलेला आकडा ७२. म्हणजे क्लास ७२ बाइटचा. पोर्टची व्ही-टेबल (व्हर्च्युअल फंक्शनांच्या पत्त्यांचा तक्ता) यादीत नव्हती, म्हणजे व्हर्च्युअल फंक्शन्स नाहीत. थांबायच्या दोन्ही अटी टळल्या. हेडरमध्ये क्लासच्या आत ७२ बाइटची कोरी जागा आणि खाली फंक्शन्स, एवढंच लिहिलं. आत काय आहे ते आम्हाला माहीत नाही, आणि माहीत असायची गरजही नव्हती.

तिसरा निर्णय: काट्यावरची चाचणी

पावती बनवणाऱ्या तिकीट फंक्शनच्या नावाचा शेवट होता आर-के-एस-एस-डी-डी. एक स्ट्रिंग, दोन डबल. भरलेलं वजन आधी की रिकामं? किलो की टन? इथे मशीन कोड वाचूनही अर्थ लागतो, पण वेळ जातो आणि खात्री कमी. काटा विभागाच्या प्रमुखांचं म्हणणं रोखठोक होतं: "तुमचं ते रजिस्टर-बिजिस्टर राहू द्या. मोळी टाकायच्या आधी माझ्या काट्यावर गाडी चढवून दाखवा."

तेच केलं. पडताळणी करून शिक्का मारलेली प्रमाणित वजनं आणि कारखान्याचाच एक ट्रॅक्टर-ट्रॉली, आधी जुन्या प्रोग्रामवर, लगेच नव्यावर. आकडा किलोत येतो हे स्पष्ट झालं. तिकीटमध्ये पहिला डबल रिकाम्या गाडीचा निघाला. आमच्यातल्या बहुतेकांनी उलटं धरलं असतं, कारण काट्यावर भरलेली गाडी आधी येते. उलटं लिहिलं असतं तर निव्वळ वजन उणे आलं असतं, आणि कुणीतरी ते "दुरुस्त" करायला उणे चिन्ह काढून टाकलं असतं.

काय झालं

हंगाम नव्या सर्व्हरवर सुरू झाला. पहिला आठवडा जुना सर्व्हर शेजारी चालू ठेवला होता आणि प्रत्येक पाळीत काही गाड्या दोन्हीकडे तोलल्या जात. फरक आला नाही. पावतीबरोबर मेसेज जाऊ लागले. एकदा रात्रपाळीत इंडिकेटरची केबल सैल होऊन लायब्ररीने एक्सेप्शन फेकलं. मधल्या फाइलीने ते पकडून "इंडिकेटरशी संपर्क नाही" एवढंच दाखवलं आणि प्रोग्राम चालू राहिला.

यादीतलं रीसेट हे फंक्शन, एक बूल (ट्रू किंवा फॉल्स) घेणारं, जुना प्रोग्राम कधीच वापरत नव्हता. ते ट्रू दिल्यावर काय पुसतं ते कळायला मार्ग नाही. हेडरमध्ये ते मुद्दाम घेतलं नाही.

वेगळं काय करता आलं असतं

त्याच मॉडेलचा इंडिकेटर शेजारच्या तालुक्यातल्या दुसऱ्या कारखान्यात विंडोजवर चालतो, हे हंगाम निम्मा झाल्यावर गप्पांतून कळलं. मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरची नावं प्रश्नचिन्हाने सुरू होतात आणि त्यांत परतीचा प्रकार, पब्लिक-प्रायव्हेट, स्टॅटिक आहे की नाही, हे सगळं कोरलेलं असतं. त्या डीएलएलमध्ये (विंडोजवरच्या लायब्ररी फाइलीत) हेच क्लास बाहेर उघडे असतील, तर रजिस्टरं वाचण्यात गेलेला बराच वेळ वाचला असता, निदान तिसरा पुरावा मिळाला असता. त्या कारखान्याची परवानगी घ्यावी लागली असती, पण विचारायला हरकत नव्हती. दुसरीकडे हेच मॉडेल कुठे आहे, ही चौकशी अशा कामात पहिल्या दिवशी व्हायला हवी.

थेट सिरियल पोर्ट वाचायचा पर्याय हंगामाच्या तोंडावर नाकारला ते योग्यच होतं असं मला अजूनही वाटतं. पण त्याची तयारी आधीच्या हंगामात विनाखर्च झाली असती: केबलवरून जाणारे बाइट आणि त्या क्षणाचं वजन, एवढं एका फाइलीत साठवत गेलं असतं तर रचना ओळखायला हजारो नमुने हाताशी असते. आता ती नोंद चालू आहे, आणि पुढच्या बंद हंगामात लायब्ररी काढून टाकायचा विचार आहे.

इंडिकेटर बदलायची वेळ आली तर निविदेत काय लिहायचं, याचा मसुदा विभागप्रमुखांनी आमच्याकडून करून घेतला. लायब्ररीला साधा सी इंटरफेस हवा, हेडर आणि सिरियल रचनेचं वर्णन छापील स्वरूपात हवं, आणि दोन्हींची एक प्रत कारखान्याच्या मुख्य इमारतीत, वरच्या मजल्यावर.